सुरक्षा समितीची वही

आमच्या घरात सकाळ व्हायची ती मोटारींच्या आवाजाने. माझे वडील, तात्या, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. घराला लागून पत्र्याची शेड होती. तिथे जळकी तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वर वार्निश द्यायचं आणि भरलेली मोटार उन्हात वाळवायची, हे आमचं बारा महिने चाललेलं असायचं. वार्निशचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. नवीन पाहुणा पहिला घास घेऊन थांबला की आई म्हणायची, "खावा, भाकरी चांगली हाय, वास मोटारीचा हाय." मोटार तयार झाली की तात्या ती शेडमध्येच चालू करून बघायचे, आणि तिचा आवाज एकसारखा लागला की बिडी पेटवायचे. कान देऊन ऐकायची सवय मला त्यांच्यापासून लागली. आज माझी भाजीच्या रोपांची रोपवाटिका आहे पेठजवळ, पुणे-नाशिक रस्त्याला. पंपाचा आवाज जरा बदलला की मी हातातलं काम टाकून उठते, आणि कामाला येणाऱ्या बाया हसतात.

शेडच्या मागच्या बाजूने खोडदकडच्या अँटिना दिसायच्या. आम्ही त्यांना छत्र्या म्हणायचो. पांढऱ्या, प्रचंड, आणि आवाज अजिबात नाही. सकाळी एकीकडे तोंड असायचं, दुपारी दुसरीकडे, पण वळताना कुणी पाहायला थांबत नसे. लांबच्या ताऱ्यांकडून येणारं काहीतरी त्या ऐकतात, एवढंच शाळेत सांगितलं होतं. ते इतकं बारीक असतं म्हणे, की विजेच्या तारेवर एक ठिणगी उडाली तरी त्यांना ताऱ्याऐवजी ठिणगीच ऐकू येते. म्हणून आसपास ठिणग्या कुठे उडतात ते शोधायला त्यांची माणसं फिरायची. मोठे साहेब जीपमधून फिरायचे, त्यांना सगळे ओळखायचे. पण मी आठवीत होते त्या वर्षी कंत्राटावर एक तंत्रज्ञ आला, कर्नाटकातल्या कुठल्याशा गावचा, नाव वेंकटेश. त्याला कॉलनीत जागा नव्हती, म्हणून त्याने आमची पडवीतली खोली भाड्याने घेतली. तो सायकलवरून फिरायचा.

वस्तीच्या तोंडात वेंकटेश बसेना, म्हणून तो यंकटकाका झाला. वय तिशीचं असेल, पण माझ्यासाठी काका. त्याच्याकडे ॲल्युमिनियमच्या काड्यांची एक हातात धरायची अँटिना होती, माशाच्या काट्यासारखी, आणि गळ्यात एक पेटी. काटा चारी दिशांना फिरवायचा, आणि ठिणगीच्या दिशेला आला की पेटी खरखरायची. त्याचं मराठी भाजीवाल्यांकडून शिकलेलं. "ताई, भाकरी गरम आला," असं तो आईला म्हणायचा, आणि आई पदर तोंडाला लावायची. शेंगोळी त्याला फार आवडायची. हुलग्याच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली. घाम पुसत पुसत तो तीन वाट्या खायचा. त्याबदल्यात तो मला गणित शिकवायचा. दर रविवारी सकाळी तो फाट्यावरच्या एसटीडी बूथवरून गावाकडे आपल्या आईला फोन करायचा आणि तिच्याशी त्यांच्या भाषेत मोठमोठ्याने बोलायचा. तिला कमी ऐकू यायचं.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. वस्तीत टीव्ही दोनच, त्यातला मोठा अण्णांकडे. अण्णा आमचे पुढारी. सोसायटीत ते, देवळाच्या कमिटीत ते, आणि पुढच्या निवडणुकीला पंचायत समितीला उभे राहणार हेही सगळ्यांना ठाऊक. माणूस वाईट दिसायचा नाही. अडल्यानडल्याला ट्रॅक्टर द्यायचा, मयताला पहिला हजर असायचा. बातम्या बघायला सगळे त्यांच्या अंगणात जमायचे. मागच्या आळीतल्या सखूबाईंचा मुलगा फौजेत होता, तिकडे वरच. त्या मात्र एक दिवसही आल्या नाहीत. बातम्यांनंतर अण्णा बोलायला उभे राहायचे, आणि दोन आठवड्यांत त्यांच्या मराठीत टीव्हीवरचं हिंदी शिरलं.

"दुश्मन म्हंजे काय फकस्त सीमेवर असतो का?" अण्णा एका संध्याकाळी म्हणाले. "आपल्या उशाला एवढ्या छत्र्या हायत. त्यांच्या इमानाला त्या दिसणार न्हाईत व्हय? पहिला बाँब हितं पडंल, राव. आन् त्याच्याआदी त्यांचा मानूस येऊन नकाशा काढून न्हील. आपुन डोळं मिटून बसायचं का?"

त्याच बैठकीत सुरक्षा समिती निघाली. आठ वाजता सगळ्यांनी दिवे बंद करायचे, आणि वस्तीत येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसाची नोंद ठेवायची. लिहायचं कुणी, असं निघालं, तेव्हा अण्णांनी मला उभं केलं. "तात्याची नंदा. हिचं अक्षर बगा एकदा. ए नंदे, जे दिसंल ते लिवायचं. येळ, मानूस, काम. समजलं?" त्यांनी मला दोनशे पानी वही आणि लाल पेन दिलं. मी नववीत जाणार होते. तोपर्यंत घराबाहेरचं काम म्हणून मला कुणी काही सांगितलं नव्हतं, पाणी आण आणि शेळी बांध याच्यापलीकडे. मला त्या वहीचा इतका अभिमान वाटला की मी तिला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, आणि कव्हरवर बातमीतल्या सैनिकाचा फोटो येईल अशी घडी घातली.

वस्तीत परकं माणूस येणार कोण? म्हणून मी जे येईल ते लिहायची. भंगारवाला, सकाळी दहा. बैलाची शिंगं तासणारा, दुपारी एक. मावशी, पाच वाजता, पिशवीत आंबे. आईने ते वाचलं आणि म्हणाली, "आंबं किती व्हतं त्येबी लिव. दुश्मन मोजून न्ह्याचा." रात्रीचं जेवण आम्ही आठच्या आत उरकायचो. मग दिवे जायचे आणि सगळी वस्ती काळी व्हायची. त्या अंधारात एकच आवाज चालू असायचा, अण्णांच्या विहिरीवरच्या मोटारीचा. ऊस पाण्याला आला होता. तात्या अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकायचे. "बेअरिंग जायला आलंय तिचं," एवढंच म्हणायचे. मीही ऐकायची. सगळेच ऐकत होते.

परकं माणूस असं वस्तीत खरं एकच होतं, आणि ते आमच्या पडवीत राहत होतं. त्याची नोंद करायची, हे मला चुकीचं वाटलं नाही. वही भरायची होती, म्हणून तो कधी निघाला, काटा कुठल्या दिशेला धरला, ते मी लिहायला लागले. तो कुठे जातो ते बघायला मी एका शनिवारी संध्याकाळी त्याच्या मागे गेले, तर तो स्वतःच म्हणाला, "ये, ये, तू पेटी धर." मग मी पेटी धरली आणि त्याने काटा फिरवला. छत्र्यांकडे केला, गप्प. कालव्याकडे केला, थोडी खरखर. अण्णांच्या विहिरीकडे केला आणि पेटी अशी ओरडली की मी ती टाकणारच होते. आम्ही चालत गेलो. विहिरीशेजारच्या खांबाला एक बांबू टेकवला होता, त्याच्या टोकाला वाकवलेली तार होती आणि ती सरकारी तारेवर अडकवलेली होती. आकडा. मीटर नाही, काही नाही, वरून वीज घ्यायची. वाऱ्याने बांबू हलला की तारेवर निळी ठिणगी उडायची. आमच्याकडे तेव्हा निम्म्या विहिरींवर आकडे होते, त्यात मला नवल नव्हतं. घरी येऊन मी नीट लिहून काढलं. ते पान मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे.

जेवताना काकाने तात्यांना सांगितलं. तात्यांचा घास हातातच राहिला. "साहेब, त्या आकड्याचं नाव नका काढू."

"मी नाव लिहीत नाही," काका म्हणाला. "मी गट नंबर लिहितो. मंगळवारी एकदा परत बघतो, मग रिपोर्ट."

रविवारी वही घेऊन मी अण्णांच्या ओट्यावर गेले. अण्णा चष्मा लावून वाचत होते आणि त्यांची बायको चहा गाळत होती. मावशीच्या आंब्यांपाशी ते मनापासून हसले. मग पान उलटलं आणि हसणं थांबलं.

"हे लिवाया कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्हीच म्हणाला होता, जे दिसेल ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मोटार घ्यायची का नाही ठरवताना माणूस जसा तिच्याकडे बघतो, तसं. मग त्यांनी ते पान घडीच्या रेषेवर बोट दाबून, अगदी सावकाश फाडलं, त्याची चौघडी केली आणि खिशात घातली. "पान खराब झालं व्हतं," ते म्हणाले. शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसरं सुटतं. ते सुटलेलं पान मी बोटाने आत सारलं.

"त्यो फोनवर कुणाशी बोलतो?"

"त्याच्या आईशी."

"तुला कसं ठावं? तुला त्येची भाषा येती?"

"नाही."

"मंग जे ठावं हाय तेच लिवावं, पोरी. भाषा कळली नाही, आसं लिव." मी तिथेच ओट्यावर बसून लाल पेनाने लिहिलं. रविवार, सकाळी नऊ. बूथवर बराच वेळ बोलत होता. भाषा कळली नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अण्णांच्या बायकोने मला बशीभर चहा दिला, आणि मी तो प्याले.

मंगळवारी दुपार टळल्यावर अण्णांचा गडी पळत आला. "नंदे, वही घिऊन ये. सापडला त्यो." कोण सापडला ते मी विचारलं नाही. वही घेऊन मी अनवाणी पळाले. तापलेल्या फुफाट्यातून, दोन शेतं, बांध, कालव्याचा रस्ता. माझ्या वहीशिवाय काहीतरी अडून राहिलंय, हे डोक्यात होतं आणि त्याचा मला आनंद झाला होता. हे लिहायला मला आवडत नाही, पण होता.

कालव्याच्या पुलावर तीस-चाळीस माणसं होती. मधे काका. त्याचा काटा कुणीतरी पायाखाली घेऊन मोडला होता, आणि पेटीतून अजून बारीक खरखर येत होती. अण्णांनी माझ्या हातातून वही घेतली आणि वरच्या आवाजात वाचून दाखवली. अमुक वाजता निघाला. अमुक दिशेला यंत्र रोखलं. भाषा कळली नाही. प्रत्येक ओळीला माणसं पुढे सरकत होती. "आईशी बोललो," काका म्हणत होता, "अम्मा, अम्मा," आणि पहिली थप्पड कुणी मारली ते मला दिसलं नाही. त्यानंतरच्या सगळ्या दिसल्या. त्यातली माणसं मला नावानिशी ठाऊक होती. कुणाच्या घरी मी ताक मागायला जायची, कुणाची मुलगी माझ्या वर्गात होती. कुणीतरी त्याचा हात मागे पिरगाळला आणि मनगटातून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला.

तात्या शेडमधून तसेच आले, हाताला वार्निश. "सोडा, राव! माझा भाडेकरू हाय त्यो. ठिणग्या शोधतो, ठिणग्या. छत्रीवाल्यांचा मानूस हाय."

"कुठल्या ठिणग्या, तात्या?" अण्णा शांतपणे म्हणाले. "कुठं उडत्यात? दाव की."

पुलावरून अण्णांची विहीर दिसत होती. खांब दिसत होता, बांबू दिसत होता. तात्यांनी वर बघितलं. पुलावरच्या सगळ्यांनी तिकडे बघितलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या विहिरीवर तसाच बांबू होता. त्यांच्याच मोटारी आमच्या शेडमध्ये भरायला यायच्या. तात्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "असत्यात... कुठं कुठं."

आई पिठाच्या हाताने गर्दीत शिरली. ती एकटीच. "शनवारी माज्या हातची शेंगोळी खाल्ली त्येनं! हेर शेंगोळी खातो व्हय रं? मुडद्यांनो, त्येच्या हाताकडं बगा!" तिला दोघांनी धरून बाजूला केलं. ती तिथूनही बोलत राहिली. तेव्हा कुणीतरी मला पुढे ओढलं आणि विचारलं, "हे तूच लिवलंय ना, पोरी? खरं हाय ना?"

वही अण्णांच्या हातात होती. सुटलेलं पान बाहेर आलं होतं, दोन बोटं. मला एवढंच बोलायचं होतं, की यात एक पान होतं, ते अण्णांच्या खिशात गेलं. चाळीस माणसं ऐकायला तयार उभी होती. मी "हो" म्हणाले. काका खाली बसला होता, मनगट पोटाशी धरून. त्याने माझ्याकडे बघितलं.

पोलिसांनी त्याला नेलं, ओळखपत्र बघितलं आणि संध्याकाळच्या आत सोडून दिलं. चूक कुणाची, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरने येऊन त्याची कपड्यांची ट्रंक आणि अंथरूण नेलं. पितळेचं कॉफीचं भांडं चुलीमागे राहून गेलं होतं, त्यात आई पुढे कित्येक वर्षं जिरे ठेवायची. मोठी झाल्यावर मी एकदा छत्र्यांच्या गेटवर जाऊन चौकशी केली. कंत्राट संपलं, पत्ता नाही, असं सांगितलं. अण्णा निवडून आले. प्रचारात हेर पकडल्याची गोष्ट होती, आणि दर सभेला हेराच्या हातातलं यंत्र मोठं होत गेलं. सखूबाईंचा मुलगा परत आला, धड आला, आणि त्याला सत्काराला बोलावलं तर म्हणाला, "मला झोपू द्या." आकडा अण्णांच्या विहिरीवर पुढे बरीच वर्षं होता. तात्यांनी त्यांची मोटार आणखी दोनदा भरली. बाहेरचं विमान आमच्यावरून कधी गेलं नाही.

हे सगळं मी गिळून बसले होते, आणि बसलेही असते. पण मध्यंतरी सीमेवर पुन्हा तापलं, मोबाईलवर भोंग्यांच्या सरावाचे निरोप फिरायला लागले, आणि एक दिवस रोपवाटिकेत सतीश आला. अण्णांचा मुलगा, शाळेत माझ्या एक वर्ग मागे. अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली, पुढारीपण सतीशकडे आलंय. मी टोमॅटोचे ट्रे मोजून देत होते.

"ताई, समिती परत उभी करतोय. अण्णांच्या नावानं हॉल बांधलाय, त्याचं उद्घाटन. तुमचा सत्कार ठेवलाय."

"कशाबद्दल?"

"आता काय राव, ताई! हेर कुणी पकडला? तुमची वही ठेवलीय तिथं, काचेत."

वही आहे, हे मला ठाऊक नव्हतं. ती जळाली असेल, नाहीतर रद्दीत गेली असेल, असं मी धरून चालले होते. मी म्हणाले, येते. सतीशला वाटलं, मला आनंद झाला.

हॉलमध्ये अण्णांचे फोटो होते, फेटे होते, आणि मधल्या काचेच्या पेटीत माझी वही होती. वर्तमानपत्राचं कव्हर पिवळं पडलेलं. खाली पाटी: जागरूक कन्येची नोंदवही. पान उघडं होतं ते बूथचं. भाषा कळली नाही. अक्षर खरंच चांगलं होतं. माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मी माईकवर म्हणाले की माझी वही मला जरा हातात द्या. लोकांना ते आवडलं. सतीशने काच उघडली. सुटलेलं पान तसंच आत होतं. ते कोरं होतं. मी पर्समधलं पेन काढलं, रोपांच्या पावत्या लिहायचं, आणि उभ्या उभ्या त्या पानावर फाडलेली नोंद लिहून काढली. लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं मी संदेश लिहितेय. पुढच्या रांगेत शाळेच्या मुली बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर समितीची नवी वही.

सतीशने वाचलं. अण्णांसारखंच सावकाश वाचलं. पान फाडलं नाही त्याने, तेवढ्या लोकांसमोर फाडता आलं नसतं. "व्वा, ताई," तो म्हणाला, वही पुन्हा काचेत ठेवली, आणि पानं उलटून बूथचं पान वर आणलं. काच लावली. त्या काचेपाशी उभं करून माझा फोटो काढला, आणि तो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर गेला.

म्हणून ती नोंद इथे उतरवते. पुस्तकाला काच लावता येत नाही.

शनिवार, सायंकाळी साडेपाच. यंकटकाका आणि मी. छत्र्यांकडे आवाज नाही. कालव्याकडे थोडा. अण्णांच्या विहिरीवर आकडा आहे, तिथे सगळ्यात जास्त. ठिणग्या मी स्वतः बघितल्या. काका म्हणाले, सापडलं, आता घरी जाऊ, आईने शेंगोळी केली आहे.